कापा कवितेला, बरका गोष्टीला

आमचे मास्तर बसल्या जागी गोष्ट ऐकत नसत. कोणी जाऊन म्हणालं, "मास्तर, गोष्ट लिहिली आहे, ऐकता का?" की ते खुंटीवरचं पागोटं डोक्यावर ठेवत, काखेत छत्री मारत आणि म्हणत, "चल." मग टेंभी नाक्यावरच्या त्यांच्या घरातून निघायचं आणि खोपटच्या वाटेने चालत सुटायचं. तेव्हा खोपटला भाताची शेतं होती आणि बांधाबांधावर ताड उभे होते. लिहिणाऱ्याने कागद खिशात ठेवून चालता चालता गोष्ट सांगायची. मास्तर मान खाली घालून ऐकत. मध्येच त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ताडाला मडकी लागली वाटतं," की समजून जायचं.

"मला ताड दिसले," ते सांगत, "म्हणजे तुझी गोष्ट दिसेनाशी झाली. कुठे दिसेनाशी झाली ते शोध आणि उद्या ये."

आमच्या वर्गातल्या एकाने राजकन्येची गोष्ट लिहिली होती. तिच्या दागिन्यांची वर्णनं त्याने तोंडपाठ केली होती. त्याच्या गोष्टीत मास्तरांना ताड टेंभी नाक्यावरूनच दिसले.

मास्तर ठाण्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. उंच, वाळलेले, कोटाची बटणं हमखास एक घर चुकवून लावलेली. पागोट्याच्या घडीत खडूचा तुकडा खोचलेला असे. तो शाळेसाठी नव्हता. रस्त्यात भिंतीवर सरकारी जाहीरनामा चिकटवलेला दिसला की मास्तर थांबत, पूर्ण वाचत आणि खडूने दुरुस्त करत. "सर्व रयतेस या जाहीरनाम्याअन्वये इत्तला देण्यात येते की" एवढ्या सगळ्यावर आडवी रेघ मारून ते वर लिहीत, "ऐका." कचेरीतल्या शिपायाने एकदा त्यांना रंगेहाथ पकडून मामलेदारांपुढे उभं केलं. मामलेदार निघाले मास्तरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, शिपायाला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, माझा मसुदा इतका वाईट होता का?"

"शाळेत असताना तू बरं लिहायचास," मास्तर म्हणाले.

मी या मास्तरांकडे पोचलो तो खाडीकाठच्या एका गावातून. आमचं गाव ख्रिस्ती. चार शेतं, मिठागरं, मध्ये देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. बाप मिठागरावर राबायचा. पाद्रीबाबांनी हट्ट धरला म्हणून मी ठाण्याच्या शाळेत गेलो. वर्गात तोंड उघडलं की पोरं हसत, कारण मी 'पाणी'ला 'पानी' म्हणे आणि 'डोळा'ला 'डोला'. म्हणून मी तोंड मिटून राही आणि लिहिताना पुस्तकातले जड शब्द वेचून वेचून घाली, म्हणजे तिथे तरी कोणी हसू नये.

मी मास्तरांना पहिली कविता दाखवली तिच्यात कोणी कमलनयना होती.

"हे तुला कोणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

"पुस्तकात आहे."

"तू कमळ पाहिलं आहेस?"

"तलावात आहेत की."

"मिटलेलं कमळ डोळ्यासारखं दिसतं?"

मी विचार केला. "नाही."

"मग कशासारखं?"

आमच्याकडे नुकताच धाकटा भाऊ झाला होता. मी म्हणालो, "तान्ह्या मुलाच्या मुठीसारखं."

मास्तरांनी कमलनयनेवर रेघ मारली. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग आता होईल," ते म्हणाले आणि शेजारच्या वर्गात जाऊन तिथल्या मास्तरांचं शिकवणं थांबवून त्यांना ती मूठ ऐकवून आले.

त्या काळी युनिव्हर्सिटीत इंग्रजी कवितेला पदक मिळे, इंग्रजी निबंधाला मिळे, लॅटिन आणि संस्कृतलाही मिळे. मराठीत लिहिणाऱ्या पोराला कोणी विचारत नसे. मास्तरांना ही गोष्ट फार लागे. पण त्यावर सभा भरवणं किंवा वर्तमानपत्रात पत्र लिहिणं त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांच्या परसात फणसाची दोन झाडं होती, एक काप्याचं आणि एक बरक्याचं. त्यांनी आपलं स्वतःचं बक्षीस सुरू केलं. दर उन्हाळ्यात, सुटी लागायच्या आधी, उत्तम मराठी कवितेला एक कापा आणि उत्तम मराठी गोष्टीला एक बरका.

"कविता काप्यासारखी हवी," ते आम्हाला समजावून सांगत. "गरा घट्ट, चावला की मोडला पाहिजे. गोष्ट बरक्यासारखी. तोंडात टाकली की आपसूक घशाखाली उतरली पाहिजे आणि वर हात चिकट राहिले पाहिजेत."

अट एकच होती. जिंकणाऱ्याने फणस स्वतःच्या डोक्यावरून भर बाजारातून घरी न्यायचा. हमालाच्या डोक्यावर देता कामा नये. "लोकांनी विचारलं पाहिजे, काय रे हे? आणि तू सांगितलं पाहिजेस, कवितेचं बक्षीस."

त्या वर्षी कापा मला मिळाला. ठाण्याच्या बाजारातून तो काटेरी बोजा नेताना माझी मान मोडायची वेळ आली. विचारणारे पुष्कळ भेटले. सुरुवातीला मी पुटपुटून सांगे. गावाच्या वेशीवर पोचेपर्यंत मी न विचारणाऱ्यांनाही सांगू लागलो होतो. आय दारात तांदूळ पाखडत होती. तिने फणस पाहिला, मला पाहिलं.

"कुठना चोरलास?"

"चोरला नाय. कविता लिवली म्हनून मास्तरांनी दिला."

"कविता लिवली म्हनून फनस?" तिने सूप खाली ठेवलं. "मंग बसलास कशाला? दुसरी लिव. आंबं देतील."

मी हे मास्तरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. सोवळ्याच्या पक्क्या. मी ख्रिस्ती, म्हणून माझं बसणं-उठणं, खाणं-पिणं बाहेरच्या ओटीवर. मास्तरांनी त्यावरून घरात कधी वाद घातला नाही. फक्त मी गेलो की ते आपलं पानही ओटीवर मागवून घेत. "आत अंधार असतो," ते म्हणत, "इथे उजेड बरा आहे." पहिल्यांदा काकूंनी पान दिलं ते रागाने. पुढे पुढे न सांगता दोन पानं बाहेर येऊ लागली.

शाळा संपवून मी मुंबईला कॉलेजात गेलो. तिथल्या तिसऱ्या वर्षी एक नवल घडलं. एका शेटजींनी कॉलेजकडे देणगी ठेवली आणि अट घातली की तिच्यातून दर वर्षी देशी भाषेतल्या एका कवितेला व एका गोष्टीला बक्षीस द्यावं. लिहिणारा युनिव्हर्सिटीच्या कुठल्याही कॉलेजचा विद्यार्थी असावा. रुप्याचं पदक, पुस्तकं, आणि समारंभात प्रिन्सिपल साहेबांच्या हातून देणं. मराठीच्या वाट्याला असा मान कधी आला नव्हता. परीक्षक तीन नेमले. एक स्वतः प्रिन्सिपल साहेब, दुसरे कॉलेजातले नामांकित शास्त्रीबुवा. तिसरा कोणी मिळेना, तेव्हा मास्तरांच्या एका जुन्या वर्गबंधूने त्यांचं नाव सुचवलं. मास्तर बक्षिसाच्या बाबतीत अनुभवी आहेत, असं त्याने साहेबांना सांगितलं. कसला अनुभव ते सांगितलं नसावं.

मी गोष्ट पाठवली. ती माझ्या फिलू मावशीची होती. ती विधवा, निपुत्रिक, एकटीने मिठागराचा तुकडा कसायची. एका उधाणाला बांध फुटला आणि सबंध हंगामाचं मीठ खाडीत गेलं. गाव धावून आलं, बाया रडू लागल्या. मावशी मात्र बांधावर उभी राहून म्हणाली, "जांव दे. दर्याचा व्हता, दर्याने नेला." आणि तिथूनच फावडं घेऊन बांध घालायला उतरली. एवढीच गोष्ट. निवेदन मी शाळेत शिकलेल्या मराठीत केलं होतं, पण माणसं बोलू लागली तेव्हा मला दुसरी भाषा सुचेना. आमचीच बोली मी तशीच उतरवली.

परीक्षकांमध्ये काय झालं ते मला मास्तरांकडून आणि थोडं शास्त्रीबुवांकडून, पुष्कळ वर्षांनी कळलं. तिघांच्या बैठकीत शास्त्रीबुवांनी माझी गोष्ट बाजूला काढली. म्हणाले, रचना सगळ्यांत चांगली आहे, पण ही मराठी नव्हे. 'व्हता' काय, 'पानी' काय! मास्तर म्हणाले, ही बाई असंच बोलते. शास्त्रीबुवा म्हणाले, बोलेना का, लिहिणाऱ्याने शुद्ध करून लिहावं. साहेबांना मराठी कामापुरतीच येत होती. ते दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत राहिले.

शेवटी मास्तर म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही भाषेचे वैद्य. रोग्याला न पाहता औषध द्यायचं हे तुम्हाला शोभत नाही. रविवारी ठाण्याला या."

आणि शास्त्रीबुवा आले! स्टेशनावरून मास्तरांनी त्यांना बैलांच्या दमणीत घातलं आणि थेट आमच्या गावच्या मिठागरावर आणलं. मी त्या रविवारी घरी होतो. पांढरं उपरणं, कपाळी गंध, पायात पुणेरी जोडा अशी ती मूर्ती बांधावरून चालत येताना मला दिसली. शास्त्रीबुवा मिठागर पहिल्यांदाच पाहत होते. उन्हात चकाकणाऱ्या त्या पांढऱ्या वाफ्यांकडे बघत बघत ते जोड्यासकट एका वाफ्यात उतरले.

तिकडून मावशी ओरडत आली.

"ए बाबा! वहाना काढ तुज्या! मिठावरशी चालतस, रस्ता हाय काय त्यो? लोकांच्या तोंडात जातं ता! डोलं फुटलं काय तुजं?"

शास्त्रीबुवांना उभ्या आयुष्यात कोणी असं बोललं नसेल. त्यांनी मुकाट्याने जोडे काढून हातात घेतले. मास्तरांनी आकाशाकडे पाहिलं. मी चिंचेच्या झाडामागे गेलो.

मग मावशीलाच वाईट वाटलं. आमच्या घरचं पाणी पाहुण्यांना चालणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिने झाडावरून दोन शहाळी पाडून घेतली, कोयत्याने तोंडं उघडली आणि पाहुण्यांच्या हाताला हात लागणार नाही अशी बांधावर ठेवली. ते दोघे चिंचेखाली बसून शहाळी प्याले. मावशी अंतरावर उकिडवी बसून उधाणाची हकिकत सांगू लागली, तिच्या पद्धतीने, मध्येच उठून, हातवारे करून, बांध कुठून फुटला ते दाखवत. ती दाखवी तिकडे शास्त्रीबुवा मान वळवत राहिले.

निघताना ते मास्तरांना म्हणाले, "बाई अस्सल आहे. हिचं बोलणं मला विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. पण मास्तर, उद्या प्रत्येक गावचा मुलगा आपापल्या गावचं लिहू लागला, तर शाळेत मुलांना शिकवायची मराठी कुठली?"

मास्तरांनी छत्री काखेत मारली. "प्रश्न खरा आहे," ते म्हणाले. "पण त्या पोराला शिक्षा व्हावी इतकाही तो मोठा नाही."

पुढच्या बैठकीत तोड निघाली. मी संवाद शुद्ध करून दिले तर बक्षीस माझं. नाहीतर या वर्षी गोष्टीचं बक्षीस कोणालाच नाही. निरोप सांगायला मास्तर स्वतः आमच्या गावी चालत आले.

"मी काय करू?" मी विचारलं.

"मी परीक्षक आहे. मला विचारू नकोस."

"परीक्षक म्हणून नाही, माझे मास्तर म्हणून सांगा."

"मास्तर म्हणून तर मुळीच सांगणार नाही," ते म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. मला त्यांचा भयंकर राग आला.

बापाने गावभर सांगून ठेवलं होतं. पाद्रीबाबांनी देवळात माझ्यासाठी प्रार्थना म्हटली होती. मिठागरावरच्या माणसाच्या मुलाचं नाव भर सभेत साहेब वाचणार, ही काय लहान गोष्ट होती? मी बसलो आणि संवाद शुद्ध केले. एका दुपारी काम उरकलं. मग वाटलं, जिची गोष्ट आहे तिला वाचून दाखवावी. मावशी जाळं विणत होती. मी वाचलं, "जाऊ द्या. समुद्राचे होते, समुद्राने नेले."

मावशी शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "बरी हाय गोष्ट. कोन रं ही बाय? बामनीन हाय काय?"

मी शुद्ध केलेली प्रत चुलीत घातली आणि मूळ गोष्ट आहे तशीच राहू द्यावी, असं कॉलेजला कळवलं. बाप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, मुलासह समारंभाला जरूर यावं. बाप म्हणाला, "बक्षीस नाय, तं जावाचा कशाला?" पण मास्तरांचा शब्द मोडवेना. लग्नातला कोट घालून तो माझ्याबरोबर आला.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर साहेब, शेटजी, शास्त्रीबुवा आणि कडेच्या खुर्चीवर आमचे मास्तर, बटणं चुकलेली. कवितेचं बक्षीस पुण्याच्या एका विद्यार्थ्याला मिळालं, टाळ्या झाल्या. मग साहेबांनी जाहीर केलं की गोष्टीच्या बक्षिसाला या वर्षी कोणी पात्र ठरलं नाही. आणि मास्तर उभे राहिले.

"साहेब," ते इंग्रजीत म्हणाले, "परीक्षकाला आपला अभिप्राय सभेपुढे ठेवण्याचा अधिकार असतो, असं मी समजतो."

साहेबांनी मान हलवली. काय येणार याची त्यांना कल्पना नसावी. मास्तरांनी कोटाच्या आतून कागद काढले आणि माझी गोष्ट पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

त्यांचा आवाज बारीक होता. मागच्या बाकांवर कुजबुज चालू राहिली. पहिला 'व्हता' आला तेव्हा पोरं खदखदून हसली. मला शाळेतले दिवस आठवले. मास्तर थांबले. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला. घाई कसली नव्हती त्यांना. हसणं आपोआप विरलं, तेव्हा तेच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, मावशी जसं बोलली असती तसं. ही चाल त्यांनी त्या रविवारी चिंचेखाली बसून उचलली होती, हे मला तेव्हा कळलं. पुन्हा कोणी हसलं नाही. बांध फुटला तेव्हा सभेत पंख्याच्या दोरीचा करकर आवाज तेवढा येत होता. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

"जांव दे. दर्याचा व्हता, दर्याने नेला."

आणि माझ्या शेजारून बाप मोठ्याने बोलला, "आरं, ही तं आपली फिलू!"

सगळी रांग वळून आमच्याकडे पाहू लागली. बापाला त्याची शुद्ध नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

मास्तरांनी कागद घडी करून खिशात ठेवले. "हा माझा अभिप्राय," असं म्हणून ते खाली बसले. टाळ्या उशिरा सुरू झाल्या, पण पुष्कळ वेळ चालल्या. शास्त्रीबुवा त्यांच्याकडे झुकून काहीतरी बोलले. मी नंतर विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "ते म्हणाले, चांगलं वाचलंत. आणि म्हणाले, माझं मत बदललेलं नाही. सरळ माणूस आहे."

बक्षीस मिळालं नाही ते नाहीच. पुढच्या वर्षी नियमांत एक कलम वाढलं, 'भाषा शुद्ध असावी'. मास्तरांना परीक्षक म्हणून कोणी पुन्हा बोलावलं नाही. त्यांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. ते भेटेल त्याला सांगत, "कॉलेजात आमच्यामुळे एक नियम झाला. तुमच्यामुळे काय झालं?"

नंतर मी कल्याणला शाळेत शिक्षक झालो. काकू वारल्यावर मास्तर ठाणं सोडून कल्याणला मुलीकडे आले. आमच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या आणि मग प्लेगची साथ आली. शाळा बंद पडली. लोकांना गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावं लागलं. ब्राह्मण, कोळी, बोहरी, आम्ही ख्रिस्ती, सगळे एका माळावर, थोड्याथोड्या अंतराने. दिवसभर काम नाही. लोक झोपडीच्या दारात बसून गावाच्या बाजूला बघत आणि आज कोण गेलं ते एकमेकांना विचारत.

मास्तरांना ते सहन होईना. एका सकाळी ते झोपडी-झोपडीपुढे जाऊन सांगू लागले, "गोष्टीची स्पर्धा आहे हो! रोज दुपारी आंब्याखाली. स्वतःवर गुदरलेलं सांगायचं, ऐकीव नको. जिंकेल त्याला माझ्या मुलीच्या हातचे बेसनाचे लाडू." आणि मला म्हणाले, "परीक्षक तू."

"मी? तुम्ही असताना?"

"मी भाग घेणार आहे."

इतक्या वर्षांत आम्ही त्यांना शेकडो गोष्टी ऐकवल्या होत्या. तुम्ही स्वतः कधी काही लिहिलंत का, हे आमच्यापैकी कोणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

पहिल्या दुपारी दोघे-तिघेच आले. मग झाडाखाली जागा पुरेना. एका कोळणीने खाडीत हरवलेल्या होडीची गोष्ट सांगितली. पहाऱ्याला असलेला पोलीस शिपाई घाटावरचा होता. त्याने नोकरीत पहिल्यांदा बूट मिळाले तेव्हाची हकिकत सांगितली. बूट घालून तो ऐटीत गावी गेला. बुटांचा आवाज ऐकून घरच्यांना वाटलं कोणी साहेब आला, आणि बायको परसातून पळून गेली ती संध्याकाळपर्यंत परतली नाही. त्या माळावर कित्येक आठवड्यांनी माणसं पोट धरून हसली.

शेवटी मास्तर उठले. त्यांच्या लहानपणी ठाण्याला पहिल्यांदा आगगाडी आली, त्या दिवसाची गोष्ट होती. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेऊन गाडी दाखवायला नेलं होतं. घरी धाकटी बहीण चिमी तापाने पडली होती, म्हणून आई मागे राहिली. मास्तरांनी इंजिनाचं वर्णन केलं, निशाणांचं, बँडचं, साहेब लोकांच्या टोप्यांचं, पळून गेलेल्या बैलांचं. परत आले तेव्हा बहीण गेली होती, हे त्यांनी शेवटी दोन वाक्यांत सांगितलं.

मी लाडू शिपायाला दिले.

मास्तरांचा चेहरा पडला. लोक पांगल्यावर ते तरातरा माझ्याकडे आले. "शिपायाच्या बुटांपुढे माझी गोष्ट कमी?"

"मास्तर, तुमच्या गोष्टीत मला इंजिनच फार दिसलं."

"इंजिन होतंच तेवढं मोठं!" ते ओरडले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते भांडायलाच. मग रोज आले. माळावरून गावात परत गेल्यावरही त्यांनी तो निकाल मान्य केला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते माझ्या घरी येत, आमच्या बाकावर बसत, आणि ती गोष्ट पुन्हा सांगत. एकदा तिच्यातून बँड गेला. एकदा साहेबांच्या टोप्या गेल्या. बैल त्यांना फार आवडत, ते बरेच दिवस टिकले. सांगून झालं की माझ्या तोंडाकडे बघत विचारत, "आता?"

मी म्हणे, "अजून नाही, मास्तर."

असं म्हणताना माझा जीव तुटे. पण त्यांच्यापुढे खोटं बोलायची मला सवय नव्हती, ती त्यांनीच लागू दिली नव्हती. ते रागाने छत्री उचलत आणि चालू लागत.

शेवटची भेट झाली ती त्यांच्या मुलीच्या घरी. ते अंथरुणाला खिळले होते. आवाज आणखी बारीक झाला होता. मला जवळ बसवून ते म्हणाले, "ऐक." मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"मी पळत येत होतो," ते म्हणाले. "गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत होतो. चिमे, ए चिमे, ऐक ना! धाप लागली होती तरी ओरडत होतो. दाराशी आलो. बाहेर खूप वहाणा होत्या."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. पुढे वाक्य नव्हतं. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. मास्तर माझ्याकडे बघत होते, पण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. माझा हात आपल्या हातात घेतला आणि डोळे मिटून स्वस्थ पडून राहिले.